मागच्या महिन्याचं पाणी, आजची कावीळ

प्रति,
मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका
मा. आयुक्त, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका



मी डोंबिवली पूर्वेला दवाखाना चालवणारा फॅमिली डॉक्टर आहे. माझे पेशंट डोंबिवली-कल्याणात राहतात, ठाण्याला नोकरीला आणि कॉलेजला जातात, रविवारी दिव्याला बहिणीकडे जेवतात आणि संध्याकाळी कुठल्या तरी स्टेशनबाहेर पाणीपुरी खातात. त्यांना कावीळ झाली की ती कोणाच्या हद्दीत झाली, हे मला सांगता येत नाही. म्हणून हे पत्र आपणा दोघांना मिळून लिहितो आहे.

कावीळ उशिरा उघडकीस येते. नळाला दूषित पाणी आलं तो दिवस आणि डोळे पिवळे झाले तो दिवस यांत महिना-सव्वा महिना सहज जातो. दूषित सुई टोचली तो दिवस आणि यकृत निकामी झाल्याचं कळलं तो दिवस यांत तर वीस-पंचवीस वर्षंही जाऊ शकतात. पेशंट माझ्यासमोर बसेपर्यंत पाणी वाहून गेलेलं असतं आणि सुईची आठवणही कोणाला उरलेली नसते. या आजाराला आवर घालायचा तर नोंदी आधीपासून ठेवलेल्या हव्यात, आणि त्या एकमेकींशी ताडून पाहणारं कोणीतरी हवं. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे. बाकीचा मजकूर ते का, हे सांगण्यासाठी. पत्र खुलं आहे ते नागरिकांनीही वाचावं म्हणून.

आधी विषाणूंची ओळख. यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच: ए, बी, सी, डी आणि ई. लोक सगळ्यांना मिळून ‘कावीळ’ म्हणतात, पण यात दोन वेगवेगळी कुळं आहेत. ए आणि ई तोंडावाटे शिरतात. रुग्णाच्या विष्ठेतून ते गटारात जातात, गटारातून पाण्यात आणि पाण्यातून ग्लासात किंवा ताटात येतात. बी, सी आणि डी रक्तावाटे येतात: सुई, वस्तरा, न तपासलेलं रक्त, असुरक्षित शरीरसंबंध आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. पहिल्या कुळाची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. दुसऱ्या कुळातले विषाणू शरीरात ठाण मांडून बसू शकतात. पुढे त्यातून सिऱ्हॉसिस होतो, यकृताचा कर्करोग होतो. या दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे ‘पांढरी कावीळ’ म्हणतात आणि तिचं नाव काढलं की घरातले आवाज खाली येतात. डी हा एकटा जगू शकत नाही. त्याला बीचा आधार लागतो. त्यामुळे बीची लस घेतली की डीचीही काळजी मिटते.

पावसाळा स्थिरावला की माझ्याकडे ठरावीक तक्रारी सुरू होतात. भूक मेलेली, चहाचा वास नकोसा झालेला, उलटीची भावना, अंग मोडून आलेलं, थोडा ताप. सिगारेट ओढणारा सांगतो की दोन दिवस सिगारेट हातात धरवत नाही. मी लघवीचा रंग विचारतो आणि उत्तर येतं, मोहरीच्या तेलासारखा. डोळे पिवळे दिसायला अजून एक-दोन दिवस असतात. पण हिपॅटायटिस ए असेल तर विषाणू शरीराबाहेर पडण्याचा मोठा काळ तोवर होऊन गेलेला असतो. मुलगा शाळेत जाऊन आलेला असतो, डबा वाटून खाल्लेला असतो. ज्याला आपण ‘आजारी पडणं’ म्हणतो, त्याच्या आधीच त्यानं आजार वाटलेला असतो. पावसाळ्यात प्रत्येक पिवळा डोळा या विषाणूंमुळेच होतो असंही नाही. लेप्टोस्पायरोसिसमध्येही कावीळ दिसते आणि तिथे वेळ घालवून चालत नाही. म्हणून रक्ततपासणी हवीच.

काही वर्षांपूर्वीची एका जुन्या तीन मजली इमारतीची गोष्ट सांगतो. नाव-पत्ता देत नाही. आधी तळमजल्यावरचा दहावीतला मुलगा आला. आठवड्याभरात त्याच्या वरच्या घरातले काका आले. मग त्याच जिन्यावरची सात महिन्यांची गरोदर मुलगी. तिघांचाही रिपोर्ट हिपॅटायटिस ई. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, “डॉक्टर, टाकी गेल्याच आठवड्यात धुतलीये, पाण्याचा रिपोर्टही आणलाय, नील आहे.” दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण कावीळ गेल्या आठवड्यातल्या पाण्याची नव्हती. मी त्यांना म्हटलं, महिना-दीड महिना मागे जा, तेव्हा काय झालं होतं ते आठवा. प्लंबरला आठवलं. केबलसाठी फुटपाथ खणला होता तेव्हा सोसायटीची सर्व्हिस लाइन तुटली होती, आणि मिळेल तसा सांधा मारून माती लोटली होती. ती जागा उकरली. पाइपावर सायकलची ट्यूब गुंडाळून तार आवळलेली होती आणि सांध्याच्या खाली ड्रेनेजच्या चेंबरचं काळं पाणी साचलेलं होतं. नळाला पाणी चालू असताना त्या सांध्यातून पाणी बाहेर गळत होतं. पाणी बंद झालं की तोच सांधा चेंबरचं पाणी आत ओढत होता.

मुलगा आणि काका बरे झाले. त्या मुलीला मुंबईला हलवावं लागलं. ती वाचली. पोटातलं बाळ वाचलं नाही.

हिपॅटायटिस ई इतरांसाठी बहुधा चार-सहा आठवड्यांचा त्रास असतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र तो पाचांतल्या एका बाईचा जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. गरोदर बाईला कावीळ दिसली की ‘बघू दोन दिवस’ हे शब्द घरात कोणीही उच्चारू नयेत. तिला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावं.

आपल्याकडचं पाणी चोवीस तास येत नाही. सकाळी दोन तास, कुठे संध्याकाळी तासभर, आणि आठवड्यातून एखादा दिवस शटडाऊन. पाणी बंद झालं की पाइपात पोकळी होते, आणि शहाळ्यात घातलेल्या स्ट्रॉसारखा तो फुटका सांधा बाजूचं पाणी ओढून घेतो. ज्या घरांनी नळालाच थेट मोटर लावलेली असते, ती घरं ही ओढ आणखी वाढवतात. त्यांना जास्त पाणी मिळतं आणि शेजाऱ्याला गटाराचा अंश मिळतो. शटडाऊननंतर पहिली दहा-पंधरा मिनिटं गढूळ पाणी येतं ते आपण सगळेच पाहतो. चाळींमध्ये तर गटाराच्या काठानं, कधी गटाराच्या आतूनच, अर्ध्या इंची पाइपांचे जुडगे गेलेले असतात. दिव्यात किंवा घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये टँकरचं पाणी आलं तर ते कोणत्या विहिरीतून भरलं, हे विचारायची सोय नसते. शुद्धीकरण केंद्रातून पाणी स्वच्छ निघतं यावर माझा विश्वास आहे. घात बहुतेक वेळा वाटेत होतो.

आणि उगमाकडेही बघायलाच हवं. कल्याण-डोंबिवली उल्हास नदीचं पाणी पिते. कर्जत, नेरळ, बदलापूर करत ती आपल्यापर्यंत येते आणि त्या वाटेवरची गावं गेल्या तीस वर्षांत शहरं झाली. उल्हासनगरच्या खेमाणी नाल्याचं सांडपाणी याच नदीत जात होतं. ‘वनशक्ती’ संस्थेनं प्रकरण हरित लवादापर्यंत नेलं, तेव्हा त्यावर हालचाल झाली. उन्हाळ्यात मोहन्याच्या बाजूला नदी जलपर्णीनं हिरवीगार झालेली दिसते. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन जलपर्णी माजते, म्हणजे ती हिरवळ मैल्याचीच खूण आहे. ठाण्याला पाणी एकाच ठिकाणाहून येत नाही: स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. कोणत्या इमारतीत कोणाचं पाणी येतं हे तिथल्या रहिवाशांनाही ठाऊक नसतं. साथ शोधताना नेमकं तेच पहिलं विचारावं लागतं.

“पण आम्ही क्लोरीन टाकतो, तपासणीत जंतू सापडत नाहीत,” असं उत्तर यावर येऊ शकतं. त्याला दिल्लीचा दाखला आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये यमुनेचा पूर ओसरताना नजफगड नाल्याचा मैला वझीराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत मागे सरकला. अधिकाऱ्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी क्लोरीन वाढवलं. त्यामुळे टायफॉईड आणि हगवण वाढली नाही. पण सुमारे सहा आठवड्यांनी, डिसेंबर-जानेवारीत, २९,००० च्या आसपास लोकांना कावीळ झाली. क्लोरीननं जीवाणू मेले, विषाणू पार झाले. पाण्याच्या नमुन्यात कोलिफॉर्म सापडले नाहीत म्हणजे पाण्यात विषाणू नाहीत, असा अर्थ निघत नाही, हा त्यातला धडा. तेव्हा ती साथ हिपॅटायटिस एची समजली गेली होती. जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे तपासले गेले आणि तो विषाणू ए नव्हता हे १९८० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. त्या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या खुर्शेद पावरी आणि त्यांचे सहकारी होते. ई विषाणूची ओळख जगाला झाली त्यात पुण्याचा असा वाटा आहे, आणि आपण मात्र अजून ‘रिपोर्ट नील आहे’ म्हणून फाइल बंद करतो.

महाराष्ट्राला हे नवं नाही. १९८१ मध्ये कोल्हापुरात पाण्यातून काविळीची मोठी साथ आली. तिचा अभ्यासही पुण्याच्याच संस्थेनं केला. एकतीस वर्षांनी, २०१२ च्या उन्हाळ्यात, त्याच पंचगंगेच्या खालच्या अंगाला इचलकरंजीत हिपॅटायटिस ईनं हजारो लोक आजारी पडले आणि काही दगावले. यंत्रमागांचं, दाटीचं, झपाट्यानं वाढलेलं, नदीचं पाणी पिणारं गाव. मजूर वस्ती मोठी, पाइप जुने, शेजारून गटार. हे वर्णन वाचताना मला कल्याण पूर्व आठवतं, कळवा-मुंब्रा आठवतं. आपल्या दोन शहरांत मिळून लाखोंची वस्ती आहे. इथे तशी साथ आली तर रुक्मिणीबाई, शास्त्रीनगर आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय यांच्यावर काय ताण येईल, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

म्हणून पहिली मागणी. पाणी खात्याकडे लाइन फुटल्याच्या, दुरुस्तीच्या आणि गढूळ पाण्याच्या तक्रारींची नोंद असते. आरोग्य खात्याकडे रुग्णांची नोंद असते. या दोन वह्या दर आठवड्याला एका टेबलावर याव्यात. एका भागातून ए किंवा ईचे दोन-तीन रुग्ण आले की कालचा नमुना घेऊन थांबू नये. चार ते सहा आठवडे मागे जाऊन त्या गल्लीत कुठे खोदकाम झालं, कुठे शटडाऊन झालं, कुठे तक्रार आली ते पाहावं. यासाठी निराळं यंत्र लागत नाही, नकाशा आणि टाचण्या पुरतात. हे आपल्याकडे होत असेल तर ते लोकांसमोर ठेवा; होत नसेल तर या पावसाळ्यापासून सुरू करा.

यात खासगी डॉक्टरांनाही ओढा. डोंबिवलीत काविळीचा पेशंट आधी माझ्यासारख्याकडे येतो आणि त्याची आयजीएम तपासणी कोपऱ्यावरच्या खासगी लॅबमध्ये होते. आम्ही कळवलं नाही तर आपल्या वहीत तो रुग्ण नाहीच. आम्हाला एक मोबाइल नंबर द्या: वय, पत्ता, कोणता विषाणू, पाणी कुठलं, गरोदर आहे का. एवढं पाठवायला एक मिनिट लागतं, आणि ते पाठवणं आमचं कर्तव्य आहे. आयएमएच्या शाखांशी बोला. मीही माझ्या बाजूनं बोलेन. आणि नळाच्या टोकाला, म्हणजे शेवटच्या घरात, क्लोरीन किती उरतं ते प्रभागवार रोज जाहीर करा. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवं. क्लोरीनची ही ओटी टेस्ट करणारा कर्मचारी टाकीपाशी थांबू नये, गल्लीच्या शेवटच्या नळापर्यंत जावा.

आता नागरिकांशी थोडं. पाणी गाळून तुरटी फिरवली की दिसायला स्वच्छ होतं, विषाणू तसेच राहतात. खळखळून उकळी येऊ द्या आणि मिनिटभर उकळत ठेवा. ए आणि ई दोन्ही मरतात. घरात प्युरिफायर असेल तर त्याचं सर्व्हिसिंग कधी झालं ते आजच बघा. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणानं हात धुवा. ए विषाणूवर सॅनिटायझरचा भरवसा धरू नका. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण गाडी उभी करायच्या जागेच्या पातळीला असेल तर पावसाचं पाणी आत जातंच. ते उंच करून घ्या. त्या टाकीपासून ड्रेनेजचं चेंबर किती लांब आहे ते एकदा प्लंबरला घेऊन खाली उतरून पाहा. सक्शन लाइन कुठून जाते तेही. सर्वसाधारण सभेत रंगाच्या छटेवर तासभर चर्चा होते, त्यातली दहा मिनिटं या टाकीला द्या.

बाहेर खाताना गरम, समोर तळलेलं-उकळलेलं खा. धोका पाणीपुरीच्या पाण्यात, चटणीत, चिरून ठेवलेल्या फळांत आणि बर्फात आहे. खाण्याचा नसलेला बर्फ निळा असायला हवा असा नियम २०१८ मध्ये आला. सरबतात किंवा उसाच्या रसात जो पांढरा बर्फ पडतो तो कोणत्या पाण्याचा, हे मात्र तो रंग सांगत नाही. गाडीवाल्यांना मी दोष देत नाही. त्यांना पिण्याच्या पाण्याचा नळ कोणी दिलेला नाही. ते बादलीभर पाण्यात दिवस काढतात. स्टेशन परिसरात त्यांच्यासाठी स्वच्छ पाण्याची तोटी बसवणं हे आपल्या हातात आहे, आयुक्त महोदय, आणि गाड्या उचलून नेण्यापेक्षा त्यानं कावीळ जास्त टळेल.

हिपॅटायटिस एच्या बाबतीत एक बदल गेल्या काही वर्षांत माझ्या डोळ्यांसमोर झाला. पूर्वी तो लहानपणीच होऊन जायचा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तो झाला तरी बहुतेक वेळा कळतही नाही, आणि जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळते. आता टॉवरमधली मुलं बाटलीबंद किंवा फिल्टरचं पाणी पिऊन मोठी होतात. मग अठराव्या-विसाव्या वर्षी हॉस्टेलवर, मेसमध्ये, ट्रेकवर त्यांची विषाणूशी पहिली गाठ पडते आणि त्या वयात कावीळ जोरात होते. केरळमध्ये २०२४ साली एच्या मोठ्या साथी आल्या, मृत्यूही झाले. तेव्हा स्वच्छतेचा कंटाळा करू नका, पण लहानपणी संरक्षण मिळालं नसेल तर लस घ्या. एची लस सरकारी वेळापत्रकात नाही, खासगीत मिळते. मूल वर्षाचं झालं की पुढे कधीही देता येते. ईची लस चीनमध्ये २०११ साली मंजूर झाली. आपल्याकडे मात्र ईपासून बचाव अजूनही पाण्यावरच अवलंबून आहे.

आणि कावीळ झालीच तर माळ घालू नका, डाग देऊ नका, नाकात कडू दोडक्याचा रस सोडू नका. चुन्याच्या पाण्यात हात धुवून पाणी पिवळं झालं म्हणून कावीळ उतरत नाही. या उपायांवर लोकांची श्रद्धा बसली, कारण ए आणि ईची कावीळ शंभरातल्या नव्वदाहून अधिक जणांची आपोआपच बरी होते. माळ लांबली की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो. पण ज्याला बी आहे, ज्याची शुद्ध हरपू लागली आहे, जी गरोदर आहे, त्यांचे चार दिवस त्या माळेपायी जातात. दारू पूर्ण बंद, डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल नाही, काढे नाहीत. जेवण साधं, घरचं, पोटभर. रस्त्यावरचा उसाचा रस काविळीवर औषध म्हणून पाजणारे लोक मी आजही पाहतो. त्या ग्लासातूनच आणखी एखादा विषाणू जाण्याची भीती असते.

आता दुसरं कुळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात सुमारे २.९८ कोटी लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाखांना सी होता. यातल्या बहुसंख्यांना ते ठाऊक नाही, कारण बरीच वर्षं काहीच दुखत नाही. अमिताभ बच्चन यांचं उदाहरण त्यांनी स्वतःच जगाला सांगितलं आहे. १९८२ मध्ये ‘कुली’च्या अपघातानंतर त्यांना असंख्य दात्यांचं रक्त द्यावं लागलं, त्यातल्या एखाद्या बाटलीतून बी आला आणि कळलं २००० च्या सुमारास, यकृताचा पाऊण भाग निकामी झाल्यावर. आज रक्तपेढीत प्रत्येक पिशवी एचआयव्ही, बी, सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासली जाते. उल्हासनगरसारख्या ठिकाणी, जिथे थॅलेसेमियाची मुलं दर काही आठवड्यांनी रक्त घेतात, तिथे या तपासणीचं मोल त्यांच्या आयांना विचारावं.

रक्तातून येणाऱ्या काविळीच्या वाटा आपल्या शहरांत आजही उघड्या आहेत. वस्तीतला बोगस डॉक्टर एकाच सुईनं तीन जणांना टोचतो. गुजरातेत मोडासा इथे २००९ मध्ये वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यानं बीची साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. जत्रेतलं गोंदण, फुटपाथवरचं कान टोचणं, सलूनमधलं न बदललेलं ब्लेड. बीचा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. दुकानदाराला ‘दादा, नवीन ब्लेड लावा’ म्हणायला लाजू नका. आणि तापावर इंजेक्शन मागू नका. तापाच्या दहा पेशंटांपैकी क्वचित एखाद्यालाच ते लागतं.

इथे मला आपल्या घंटागाडीवरच्या कामगारांविषयी बोलायचं आहे. मधुमेही लोक घरी इन्सुलिन घेतात आणि सुई ओल्या कचऱ्यात टाकतात. कामगार उघड्या हातानं पिशवी दाबतो. बीचा संसर्ग असलेल्या रक्ताची सुई टोचली आणि लस घेतलेली नसेल, तर संसर्गाचा धोका तीस टक्क्यांपर्यंत जातो. सीला तो तीनच्या आसपास, एचआयव्हीला ०.३. म्हणजे ज्याला आपण सर्वांत घाबरतो त्याच्या शंभरपट धोका बीचा, आणि त्यावर स्वस्त, खात्रीची लस आहे. कायम कामगार असोत की ठेकेदाराचे, प्रत्येक सफाई कामगाराला बीच्या तीन मात्रा (आज, महिन्यानं, सहा महिन्यांनी) महापालिकेच्या खर्चानं मिळाल्या पाहिजेत आणि त्याची नोंद ठेक्याच्या करारात अट म्हणून यावी. नागरिकांनी सुया झाकण घट्ट लागणाऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत जमवून, बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘सुया’ असं लिहून वेगळ्या द्याव्यात.

बी रोखण्याची सर्वांत मोठी संधी जन्माच्या दिवशीच असते. आईकडून नवजात बाळाला बी गेला तर दहांतल्या नऊ बाळांत तो कायमचा राहतो. प्रौढाला झाला तर शंभरातल्या पाचांहून कमी जणांत राहतो. म्हणून प्रत्येक गरोदर बाईची एचबीएसएजी तपासणी आणि बाळाला चोवीस तासांच्या आत पहिली मात्रा. आई पॉझिटिव्ह असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही, शक्यतो बारा तासांत. तिनं बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही. शनिवारी रात्री एखाद्या छोट्या नर्सिंग होममध्ये जन्मलेल्या बाळाला ही मात्रा सोमवारी मिळते की शनिवारीच, एवढं आपल्या आरोग्य खात्यानं तपासलं तरी खूप झालं. ही लस महाराष्ट्राच्या सरकारी लसीकरणात २००७-०८ च्या टप्प्यात आली, देशभर २०११ मध्ये. त्याआधी जन्मलेल्या, म्हणजे आज विशी ओलांडलेल्या बहुतेकांनी ती घेतलेलीच नाही. त्यांनी एकदा रक्त तपासून घ्यावं आणि लस घ्यावी.

अनेकांना बी किंवा सी असल्याचं रक्तदान शिबिरानंतर कळतं. गणेश मंडळाच्या मांडवात रक्त दिलेलं असतं, पंधरा दिवसांनी रक्तपेढीचा फोन येतो, “एकदा येऊन भेटा.” असा फोन आलेला तरुण माझ्यासमोर बसतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न यकृताचा नसतो. तो विचारतो, घरी सांगू का? ताट वेगळं करतील का? लग्न मोडेल का? मी त्याला सांगतो तेच इथे लिहितो. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, एकच ग्लास वापरल्यानं बी किंवा सी पसरत नाही. टूथब्रश आणि रेझर वेगळा ठेवायचा. नवरा-बायकोपैकी एकाला बी असेल तर दुसऱ्यानं तपासून लस घ्यायची. संसार नीट होतो. सीवर लस नाही, पण सोफोसबुवीर आणि डॅक्लाटास्वीरच्या गोळ्या बहुतेकांना बारा आठवडे घ्याव्या लागतात आणि शंभरातले पंच्याण्णवहून अधिक जण पूर्ण बरे होतात. बी पुरता जात नाही, पण रोजच्या एका गोळीनं ताब्यात राहतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

मोफत आहेत, पण कुठल्या खिडकीवर, कोणत्या वारी? माझे पेशंट मला हे विचारतात. टिटवाळ्याहून किंवा दिव्याहून माणूस रोजंदारी बुडवून निघतो, तेव्हा ‘इथे नाही, तिकडे जा’ ऐकून तो परत येतो तो पुन्हा कधीच जात नाही, आणि विषाणू शरीरात राहतो.

२८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन, बीचा विषाणू शोधणाऱ्या बरुख ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस. त्या दिवशी फलक लावण्याऐवजी आपण दोघांनी एक पत्रक काढावं, ही माझी विनंती. त्यावर प्रत्येक महापालिका रुग्णालय आणि आरोग्य केंद्रापुढे लिहावं: बी आणि सीची तपासणी कोणत्या वारी, गोळ्या कुठे मिळतात, नवजात बाळाची लस रविवारीही मिळते का, डॉक्टरांनी काविळीचा रुग्ण कोणत्या नंबरवर कळवायचा. हे पत्रक प्रत्येक दवाखान्यात, लॅबमध्ये आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावू द्या. माझ्या दवाखान्याच्या दारावर ते लावायला मी जागा मोकळी ठेवतो आहे.

कळावे,

आपला,
डोंबिवली पूर्वेचा एक फॅमिली डॉक्टर